मागच्या काचेवरचं कॉलेज

कॉलेजच्या बाबतीत तोंडातून एक अक्षर काढणार नाही, असं वचन कर्ट ब्रेकेने बायकोला दिलं होतं, आणि ते त्याने पाळलं. हे आधीच सांगितलेलं बरं. कारण पुढे जो घोळ झाला त्यात अख्ख्या टॅमरॅक गावाने आणि त्याच्या घरच्यांनीही त्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. अहो, पण बोलला कोण? त्याने फक्त एक स्टिकर चिकटवला. तोही शनिवारी सकाळी, स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या पिकअपच्या मागच्या काचेवर. एवढंही स्वातंत्र्य माणसाला उरलं नसेल तर बोलणंच खुंटलं.

कर्टचा धंदा भट्ट्यांचा. थंडीत घरं गरम ठेवणाऱ्या, तळघरात बसवतात त्या. विस्कॉन्सिनमध्ये हा धंदा बुडवायचा म्हटलं तरी बुडत नाही. आपल्यामागे लेकीने हा धंदा सांभाळावा असं काही त्याच्या मनात नव्हतं. (होतं. पण तिने भट्टी पुसायला म्हणून त्याचा नवा शर्ट घेतला, त्या दिवशी त्याने तो विचार सोडला.) लेकीच्या, म्हणजे थियाच्या मनात भलतंच होतं. तिला कॉलेजात जाऊन संगीत नाटक शिकायचं होतं. गायचं, नाचायचं आणि अभिनय करायचा, तिन्ही एकाच वेळी, आणि दम लागलाय हे कुणाला दिसू द्यायचं नाही. याची चार वर्षांची पदवी मिळते म्हणे.

इथवरही कर्टची तक्रार नव्हती. त्याची सटकली ती पुढचं ऐकून. ही पदवी घ्यायला हजारो पोरं रांगा लावतात आणि एकेक कॉलेज त्यातून जेमतेम डझनभर निवडतं! डॉक्टर व्हायला एवढं नाही लागत. आणि निवडतात कसं? तर आधी घरून व्हिडिओ पाठवायचा, तो पसंत पडला तर समोर बोलावणार. जणू स्थळच बघतायत.

तो व्हिडिओ ब्रेक्यांच्या घरी जानेवारीत काढला गेला. भिंतीवर निळी चादर टांगली, सोफा गॅरेजमध्ये गेला आणि थिया बिनबाह्यांचा फ्रॉक घालून उभी राहिली. पहिला सूर लागतो न लागतो तोच तळघरातली भट्टी धडधडत सुरू झाली.

"डॅड! भट्टी बंद कर!"

"बाहेर उणे वीस आहे, थिया."

"व्हिडिओत घरघर येतेय!"

"ती घरघर नाही. उत्तम राखलेली भट्टी अशीच..."

"कर्ट," रॉक्सॅन म्हणाली. बायको नुसतं नाव घेऊन थांबते तेव्हा पुढचं वाक्य ऐकायची हौस कुठल्याच नवऱ्याला नसते.

झालं. ज्या माणसाने निम्म्या गावाला ऊब दिली, त्याने आपल्या हाताने आपल्याच घरची भट्टी बंद केली, आणि कोट, कानटोपी, हातमोजे घालून फोन आडवा धरून उभा राहिला. समोर पोरगी वसंत ऋतूचं गाणं म्हणतेय आणि तिच्या तोंडातून वाफा निघतायत. एकदा म्हटलं, परत म्हटलं, पुन्हा परत म्हटलं. ओठ निळे पडले पण सूर हलला नाही. कर्टचे मात्र हात हलले, म्हणून आणखी एकदा म्हणावं लागलं. (एका कॉलेजने नंतर कौतुकाने विचारलं, धुराचं यंत्र कुठून आणलंत?)

मग फेब्रुवारीत शिकागो. तिथल्या एका मोठ्या हॉटेलात देशभरातली कॉलेजं एकेक खोली घेऊन बसतात आणि पोरं या मजल्यावरून त्या मजल्यावर ऑडिशन देत पळतात. कर्ट दिवसभर तिचा कोट, तिचे नाचाचे बूट आणि पाण्याची बाटली सांभाळत मागे. लिफ्टचं दार उघडावं तर आत चार मुली चार पट्ट्यांमध्ये ओरडतायत. जिन्यात एक मुलगा भिंतीशी भांडतोय, आणि ते भांडण नसून नाटकातला उतारा आहे. एक आई तर गरम पाण्याचा मग लेकीच्या नाकाखाली धरून तिच्याबरोबर उलटी चालत होती. शेवटी एल्डरबरो नावाच्या फार बड्या संस्थेच्या खोलीबाहेर प्रोफेसर व्हिटलॉक नावाच्या बाई कॉफी घ्यायला आल्या, तेव्हा कर्टने त्यांना अगदी अदबीने विचारलं,

"बाई, एवढं सगळं शिकून पोरं पुढे करतात काय?"

"काम शोधतात," बाई म्हणाल्या.

"चार वर्षं शिकून?"

"चार वर्षं शिकल्यामुळे ते कसं शोधायचं, हे कळतं."

"आमच्याकडे भट्टी बसवायला शिकलेल्या पोराला भट्टी शोधत हिंडावं लागत नाही."

बाईंनी त्याच्याकडे, आणि मग त्याच्या हातातल्या नाचाच्या बुटांकडे पाहिलं, आणि कॉफी घेऊन आत गेल्या. मागे थिया उभी होती. शिकागोपासून टॅमरॅकपर्यंत ती गाडीत एक शब्द बोलली नाही, आणि जिला झोपेतसुद्धा गुणगुणायची सवय, ती गप्प बसली म्हणजे काय ते समजा. त्याच संध्याकाळी रॉक्सॅनने वचन घेतलं. "ती ठरवेपर्यंत तू या विषयावर बोलायचं नाहीस. चांगलं नाही, वाईट नाही, काहीच नाही."

मार्च संपता संपता निकाल लागले. बहुतेकांनी गोड शब्दांत नाही म्हटलं. मार्टिन लेक कॉलेजने हो म्हटलं. आणि एल्डरबरोने ना हो म्हटलं ना नाही, वेटिंगवर ठेवलं.

मार्टिन लेक म्हणजे घरापासून गाडीने तासाच्या आत. तिथलं नाट्यगृह पूर्वी गुरांच्या प्रदर्शनाची शेड होती, आणि पावसाळी हवेत ते अजून लक्षात येतं. पण माणसं प्रेमळ, शिकवणारे मनापासून शिकवणारे. एल्डरबरो दूर न्यूयॉर्क राज्यात, मोठमोठ्या नाट्यगृहांच्या उंबऱ्यावर. तिथे दुसऱ्या वर्षाच्या शेवटी निम्म्या पोरांना 'तुम्ही आमच्या कामाचे नाही' म्हणून घरी पाठवतात. कर्टने हे ऐकलं तेव्हा त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे मी गिऱ्हाइकाच्या तळघरात अर्धी भट्टी बसवायची आणि मग 'तुमचं घर आम्हाला पटत नाही' म्हणून हत्यारं गोळा करून निघून यायचं? लोक मारतील मला! पण हे सगळं त्याने मनातल्या मनात म्हटलं. वचन म्हणजे वचन.

आणि खरं सांगायचं तर ते निम्म्यांना काढणं वगैरे निमित्त होतं. कर्टला पोरगी लांब जायला नको होती. सकाळी तो कॉफी घेऊन बसायचा तेव्हा वरच्या न्हाणीघरातून तिचं गाणं खाली यायचं, आणि ते आलं की मगच त्याला आपला दिवस सुरू झाल्यासारखा वाटायचा. हे त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं. आमच्याकडे असल्या गोष्टी सांगत नाहीत.

तर आता स्टिकर. मार्टिन लेकवाल्यांनी भेटीला आलेल्या प्रत्येक आईबापाला एक पिशवी दिली होती. त्यात पेन होतं, मोजे होते आणि एक हिरवा-पिवळा स्टिकर होता. शनिवारी गाडी धुतल्यावर कर्टने सहज तो काढला. नुसतं बघायला, की कसा दिसतो. काचेला लावून पाहिला. छान दिसला. जरा वाकडा वाटला म्हणून दाबून सरळ केला. दाबल्यावर तो बसला तो बसलाच.

आता टॅमरॅकमध्ये गाडीच्या मागच्या काचेवर पोराच्या कॉलेजचा स्टिकर लावणं म्हणजे काय, ते कर्टला माहीत नव्हतं असं नाही. आमच्याकडे साखरपुडा मोडतो, मतदानात पक्ष बदलतो, पण काचेवरचा स्टिकर म्हणजे दगडावरची रेघ. लोक आधी स्टिकर बघतात, मग गाडी कुणाची ते. पण कर्ट म्हणाला, मी बोललो कुठे?

आणि गाडी घेऊन तो खिळे आणायला हार्डवेअरच्या दुकानात गेला. तिथे आर्डिसबाई लिंडक्विस्ट उभ्या. वय ऐंशीच्या घरात, चर्चच्या स्वयंपाकघरावर चाळीस वर्षं एकहाती राज्य. त्यांना मोतीबिंदू होता असं ऐकिवात होतं, पण पार्किंगमधला स्टिकर त्यांना दुकानाच्या आतून दिसला.

"अरे कर्ट! मार्टिन लेक का?"

कर्ट मोठ्या पेचात पडला. हो म्हणावं तर खोटं. नाही म्हणावं तर तेही खोटं, शिवाय नको ते तोंडाला आणणं. मग त्याने आपलं तेच म्हटलं जे आमच्याकडे सगळे म्हणतात.

"बघू या," तो म्हणाला.

इथेच सगळं बिनसलं. दुसऱ्या कुठल्याही गावात 'बघू या' म्हणजे 'बघू या'. पण आम्ही पडलो नॉर्वेजियन शेतकऱ्यांची पोरं. आमच्याकडे माणसाला लॉटरी लागली तर तो 'बरं आहे' म्हणतो. छप्पर उडालं तर 'भिंती आहेत' म्हणतो. स्वतःच्या पोराचं कौतुक चारचौघांत करणं म्हणजे तर अंगावरचे कपडे काढण्यातला प्रकार. तेव्हा स्टिकर लावून वर 'बघू या' म्हणणारा बाप म्हणजे आनंदाने वेडा झालेला बाप, हे आर्डिसबाईंनी बरोबर ओळखलं. त्यांनी कर्टच्या दंडावर दोनदा थोपटलं (चाळीस वर्षांत त्यांनी कुणाला एवढं जवळ केलं नव्हतं) आणि घेतलेला रंगाचा डबा तिथेच टाकून त्या लगबगीने बाहेर पडल्या.

रविवारी प्रार्थना झाल्यावर सगळे चर्चच्या तळघरात कॉफीला उतरले, आणि बघतात तो मधल्या टेबलावर पलंगाएवढा केक. अर्धा हिरवा, अर्धा पिवळा. वर साखरेच्या अक्षरांत 'शाब्बास थिया' आणि खाली मार्टिन लेकचं नाव. पास्टरसाहेबांनी चमचा कपावर वाजवला. "आपल्या थियाने सुंदर निर्णय घेतलाय," ते म्हणाले, "आणि घराजवळ राहून ती आपल्या सगळ्यांना गाणं ऐकवत राहणार आहे." टाळ्या झाल्या. कुणीतरी फोटो काढला आणि तो तिथल्या तिथे इंटरनेटवर गेला.

थियाने केककडे पाहिलं. मग बापाकडे पाहिलं. दुसरी एखादी मुलगी किंचाळली असती. पण चार माणसांत तमाशा करायचा नाही हे तिनेही दुधाबरोबर प्यायलेलं. ती हसली, केक कापला, आर्डिसबाईंना मिठी मारली, सत्तर माणसांना 'थँक यू' म्हणाली. कर्टने केकचा हिरवा तुकडा घेतला आणि तो बशीतल्या बशीत काट्याने उकरत राहिला.

पिकअपमध्ये तिघं एका ओळीत बसली. गाडी चर्चच्या वळणाबाहेर पडली मात्र.

"डॅड, तू ठरवून टाकलंस? माझं कॉलेज तू ठरवलंस?"

"मी एक शब्द बोललो असेन तर विचार तुझ्या आईला!"

"स्टिकर लावलास!"

"बघायला लावला."

"बघायला काचेवर नुसता धरतात, चिकटवत नाहीत!" रॉक्सॅन म्हणाली. बायको कुठल्या बाजूने आहे हा संशय तिथे फिटला.

"मला एल्डरबरोची अजून आशा आहे," थिया म्हणाली. तिचा आवाज आता बारीक झाला होता. "तुला वाटतं मी तिथे टिकणार नाही. हो ना? अर्ध्यांना काढतात त्यात मी असेन, असंच वाटतं ना तुला? एकदा तोंडाने बोल."

कर्टने तोंड उघडलं. रॉक्सॅनकडे पाहिलं. वचन आठवलं. तोंड मिटलं.

"बोलूच नकोस," थिया म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

आता सांगा, माणसाने करावं काय! बोलला तर वचनभंग, न बोलला तर पोरगी रडते. घरी आल्यावर कर्ट तणतणत हत्यारांची पेटी घेऊन गाडीकडे गेला. लावला तो आपण, काढणारही आपणच. आधी पात्याने खरवडून पाहिलं. मग कोमट पाणी. मग थियाचं केस वाळवायचं यंत्र आणलं आणि काच तापवली, तेव्हा यंत्रातून जळका वास येऊन ते कायमचं थंड झालं. (त्याबद्दल त्याला वेगळं ऐकून घ्यावं लागलं, ते इथे सांगत नाही.) दोन तासांनी अर्धा स्टिकर निघाला. उरलेला अर्धा असा काही फाटका, ओरबाडलेला दिसत होता की बघणाऱ्याला वाटावं, कुणीतरी रडत रडत फाडलाय.

बघणारे काय, होतेच. आर्डिसबाई संध्याकाळी कुत्रा फिरवायला निघाल्या होत्या. त्या थांबल्या. काच बघितली, कर्टचा लालबुंद चेहरा बघितला, हातातलं पातं बघितलं.

"अरे देवा. काढून टाकलं का रे पोरीला?"

"आर्डिसबाई..." कर्टने सुरुवात केली आणि पुन्हा अडकला. पोरीने ठरवलं नाही म्हणावं तर तो विषय निघणार, आणि सकाळचा केक कशाबद्दल होता असं बाई विचारणार. "बघू या," तो म्हणाला.

आर्डिसबाईंचे डोळे भरून आले. आमच्याकडे छप्पर उडालेला माणूस असाच बोलतो.

सोमवारी सकाळपासून हॉटडिश येऊ लागल्या. आमच्या भागात कुणाकडे मयत झालं, घर जळलं, नवरा पळाला की शेजारी येऊन बोलत बसत नाहीत. खिमा, घट्ट सूप आणि वर कुरकुरीत बटाटे घालून भाजलेलं एक भलंमोठं भांडं दारात ठेवतात, तळाला चिकटपट्टीवर आपलं नाव असतं, आणि निघून जातात. दुपारपर्यंत तीन झाली. पास्टरसाहेबांच्या बायकोने तर वर जास्तीचं चीज घातलं होतं, म्हणजे दुःख फारच मोठं.

"काय म्हणून घ्यायचं हे?" कर्ट दारात उभा राहून संतापला. "कुणी मेलंय का? लोकांना उद्योग नाहीत का दुसरे?"

"मग जा आणि सांग त्यांना," रॉक्सॅन म्हणाली.

"तूच मला बोलायची बंदी केलीयस!"

"घरात केलीय. गावाला सांगायला नाही. आणि तुला काय सांगायचंय ते तरी माहितीय का?"

माहीत नव्हतं. म्हणूनच तर तो इतका चिडला होता.

मंगळवारी दुपारी कर्ट एकटाच घरी जेवायला आला. रॉक्सॅन दातांच्या दवाखान्यात कामावर होती, थिया शाळेत. ताटात सांत्वनाची हॉटडिश घेतो न घेतो तोच फोन वाजला. (थिया अनोळखी नंबर उचलत नाही, या पिढीत कुणीच उचलत नाही, म्हणून सगळ्या कॉलेजांना बापाचाच नंबर दिलेला.)

"मी एल्डरबरोहून प्रोफेसर व्हिटलॉक बोलतेय. थिया ब्रेके आहे का?"

"शाळेत आहे. मी तिचा बाप."

"म्हणजे... तुम्ही भट्टीवाले!"

"तोच."

"बरं. मिस्टर ब्रेके, आमच्याकडे ऐनवेळी एक जागा रिकामी झालीय. वेटिंगवर पुढचं नाव थियाचं आहे. पण आमच्या ऑफिसमधल्या एकीने मला एक फोटो दाखवला. चर्चमधला. केक आहे. त्यावरून ती मार्टिन लेकला जातेय असं दिसतं. तेवढी खात्री करायला फोन केला. तसं असेल तर मी पुढच्या नावाकडे जाते."

कर्टने काटा खाली ठेवला. बघा बरं, देव कसा देतो! एक शब्दही खोटा बोलायची गरज नव्हती. केक खरा होता. फोटो खरा होता. नुसता हुंकार दिला असता तरी पोरगी घरापासून तासाच्या अंतरावर राहिली असती, दर रविवारी जेवायला आली असती, आणि वरच्या न्हाणीघरात गायली असती. कर्टने घसा साफ केला. हुंकार ओठांवर आला सुद्धा.

पण बाईंना तेवढा दम धरवला नाही.

"खरं सांगायचं तर बरंच झालं," त्या म्हणाल्या. "आमच्यातही एकमत नव्हतं. आवाज गोड आहे मुलीचा. पण लहान गावातली, जरा... नाजूक वाटली. आमच्याकडे रगडून घेतात. ती टिकली नसती."

"काय म्हणालात?" कर्ट म्हणाला.

"टिकली नसती, असं मला वाटतं."

"टिकली नसती?" कर्ट उठून उभा राहिला. खुर्ची मागे पडली. "बाई, तुम्ही तो वाफेचा व्हिडिओ बघितलात ना? त्याला तुम्ही काय समजलात, सजावट? घरातली भट्टी बंद होती! बाहेर उणे वीस! मी तीन थर कपडे घालून कुडकुडत होतो, हात थरथरत होते माझे, आणि ती बिनबाह्यांच्या फ्रॉकमध्ये तेच गाणं पुन्हा पुन्हा म्हणत होती, माझ्या चुकीमुळे! एकदा तरी सूर हलला का? सांगा ना, हलला का?"

"नाही, सूर तर..."

"गेल्या वर्षी शाळेच्या नाटकात पहिल्या अंकात पाय मुरगळला हिचा. दुसरा अंक नाचली. पडदा पडल्यावर आम्हाला बूट कापून काढावा लागला. कुणाला कळलं नाही! मला कळलं नाही, मी पहिल्या रांगेत होतो! वृद्धाश्रमात नाताळला वीज गेली, म्हातारी माणसं घाबरून रडायला लागली, तर या पोरीने अंधारात उभं राहून तासभर गाणी म्हटली, वीज येईपर्यंत. सतरा वर्षांची पोर! आणि तुम्ही निम्म्यांना काढता म्हणे? काढा! खुशाल काढा! सगळ्यांना काढलंत तरी शेवटी एक उरेल ना, ती ही असेल! टिकायचं ती शिकवेल तुम्हाला!"

"मिस्टर ब्रेके," बाई सावकाश म्हणाल्या, "म्हणजे ती येतेय?"

"येतेय म्हणजे? येणारच! ती जागा तिचीच आहे! मघापासून काय सांगतोय मी?"

"मग आज संध्याकाळपर्यंत तिने स्वतः मला तसं कळवावं. आणि मिस्टर ब्रेके..." त्या म्हणाल्या. "ते पायाचं तिने आम्हाला सांगितलं नव्हतं."

"ती कशाला सांगेल? आम्ही सांगत नाही असलं!" कर्ट गरजला आणि त्याने फोन आपटला.

फार बरं वाटत होतं. चांगलं सुनावलं बाईला, हॉटेलात कॉफी पिताना कशी बघत होती! त्याने खुर्ची उचलून सरळ केली, बसला, काटा घेतला. आणि बटाटा तोंडाजवळ आल्यावर त्याच्या डोक्यात उजेड पडला की आपण हे काय करून बसलो.

"डॅड."

स्वयंपाकघराच्या दारात थिया उभी होती, दप्तर पाठीवर. शाळा लवकर सुटली होती. ती किती वेळ उभी आहे हे विचारायची गरज नव्हती, कारण तिचे गाल ओले होते.

"ते सगळं... तुला खरंच तसं वाटतं?"

कर्टने काही म्हणायचा प्रयत्न केला. मघाशी एवढं धो धो बोललेलं तोंड आता उघडेना. त्याने मान हलवली.

"मग कधी बोलला का नाहीस?"

"आईने... बोलायचं नाही असं..." तो पुटपुटला. मग त्याचं त्यालाच ते फार लंगडं वाटलं. "वाटतं, थिया. आधीपासून वाटतं."

थिया धावत आली आणि दप्तरासकट त्याच्या गळ्यात पडली. कर्टने तिला घट्ट धरून ठेवलं. पोरीने घरी येईपर्यंत डोक्यात काय काय ठरवलं होतं, ते त्याच्या खांद्याशी तोंड ठेवून तिने सांगितलं, आणि ते सांगितलं नसतं तर फार बरं झालं असतं.

"मी आज सकाळी शाळेत नाटकाच्या सरांना सांगून आले, मार्टिन लेकलाच जाते म्हणून. आज घरी येऊन तुलाही सांगणार होते. वाटलं, आपल्या बापालाच भरवसा नाही, तर कशाला उगाच वाट बघत बसायची."

कर्टने तिला जरा दूर धरून तिच्याकडे पाहिलं.

"म्हणजे तू... जवळच राहणार होतीस?"

"हो."

"स्वतःहून?"

"हो! पण आता नाही," थिया म्हणाली आणि डोळे पुसत हसली. "आता मी एल्डरबरोलाच जाणार."

"पण थिया, जरा विचार कर, तिथे निम्म्यांना काढतात..."

"मला नाही काढणार. तूच म्हणालास ना आत्ता!" आणि ती दोन-दोन पायऱ्या घेत वर पळाली, बाईंना कळवायला.

संध्याकाळी रॉक्सॅन कामावरून आली तेव्हा कर्ट जेवणाच्या टेबलाशी तसाच बसून होता. त्याने तिला अथपासून इतिपर्यंत सगळं सांगितलं, टेबलावर मूठ आपटत सांगितलं. "ती बाई म्हणते, टिकणार नाही! आपल्या थियाला! तिच्या तोंडावर नाही, माझ्या तोंडावर! मी काय ऐकून घ्यायला हवं होतं? तूच सांग, मी करायला काय हवं होतं?"

रॉक्सॅनने कोट काढला, खुंटीला लावला आणि ती त्याच्यासमोर बसली.

"कर्ट," ती म्हणाली, "विमा कंपनीशी तू हरलास. वीजवाल्यांशी हरलास. चुकून लागलेल्या नंबरवरच्या त्या म्हाताऱ्याशीसुद्धा हरलास. जन्मात पहिल्यांदा फोनवर कुणाशी तरी भांडून जिंकलायस. तर आता जरा आनंदाने जिंक."